सरळ समुद्र

मारीवोन बेस्कोंचा नवरा फेब्रुवारीत गेला, आणि ती रडली नाही. फ्रान्समधल्या कोंकार्नो बंदराच्या मासळीबाजारात ही दुसरी बातमी पहिलीपेक्षा जास्त दिवस टिकली.

खरं तर नवऱ्यानेच, गुलवेननेच, लोकांची पंचाईत करून ठेवली होती. अडतीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर काढलेला माणूस. दोनदा पाण्यात पडला, दोनदा त्याला वर ओढला. आणि शेवटी गेला तो कँपेरच्या इस्पितळात, इस्त्रीच्या पायजम्यात, झोपेत. बोटीवरचा माणूस समुद्रात गेला की काय बोलायचं, कुणी कुणाला मिठी मारायची, सूप कुणाच्या घरून जायचं, हे या गावाला पाठ आहे. अंथरुणात गेलेल्या माणसापुढे चेहरा कसा करायचा ते कुणाला उमजेना. दोघी-तिघींनी मारीवोनला सांगून टाकलं की तू नशीबवान, तुला निदान त्याची कबर तरी आहे. तिने मान डोलावली. बेकरीवाल्याने पाव आणखी भाजू का विचारल्यावर डोलवायची, तशीच.

चर्चमध्ये ती पुढच्या बाकावरून पाद्रीबाबांकडे झुकली तेव्हा मागच्या बायकांनी रुमाल काढले. आता बांध फुटणार. मारीवोनने विचारलं, पाठीमागचा हीटर बंद करता येईल का, कोट करपतोय. हे ओदेतने स्वतःच्या कानांनी ऐकलं. ओदेतचे कान म्हणजे काय सांगावं. बंदराच्या या टोकाला कुणी बटाटा सोलला तर त्या टोकाला ती मीठ काढते. संध्याकाळपर्यंत हीटरची गोष्ट दोन्ही कॅफेंत पोहोचली आणि रात्रीच्या जेवणाला तिच्यात असंही आलं की मारीवोनने विजेचं बिल विचारलं. ते खोटं. कोटाचं मात्र खरं होतं.

तिसऱ्या दिवशी मारीवोन कामावर गेली.

काम तांगी रियूच्या कारखान्यात. हा कारखाना म्हणजे सार्डिन मासे डब्यांत भरायची जुनी शेड. मारीवोनने याच शेडमध्ये, याच खिडकीपाशी, एकोणीस वर्षं सार्डिन भरली होती. एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं शेपूट इकडे. डब्यांचा धंदा बसला, शेड कित्येक वर्षं रिकामी राहिली, मग तांगीने ती घेतली आणि तिथे समुद्र छापायला लागला. फ्रान्सच्या जुन्या चित्रकारांनी रंगवलेले समुद्र, शिडांच्या बोटी, वादळं, बंदरं, सगळं कॅनव्हासवर छापून, चौकटीवर ताणून, लोकांच्या दिवाणखान्यासाठी. तांगी स्वतः धक्क्याला बांधलेल्या बोटीत पाय ठेवला तरी त्याला बोट लागते, पण समुद्र विकायला पोहता यावं लागत नाही. पॅरिसची मंडळी इथे उन्हाळ्यासाठी घरं घेतात. खिडकीत समुद्र असतोच, त्यांना भिंतीवरही लागतो. कुणाला सोफ्याच्या रंगाचा लागतो. रेनच्या एका बाईंनी वादळ जरा कमी करून मिळेल का म्हणून विचारलं होतं, कारण त्यांच्या यजमानांना रक्तदाब होता. तांगीने कमी करून दिलं.

छापलेला कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणायचा ही मारीवोनची कामगिरी. कॅनव्हास टेबलावर उपडा, त्यावर चौकट, मग रुंद तोंडाच्या पकडीने कड ओढायची आणि मागून स्टेपलरने पिना मारायच्या; आधी चारी बाजूंच्या मधोमध, मग कोपऱ्यांकडे सरकत. कोपऱ्याची घडी पाकिटासारखी बसली पाहिजे. कॅनव्हास नीट कुठे बसवायचा यासाठी कोपऱ्यांत बारीक काळ्या खुणा छापलेल्या असतात. बाकीच्या बायका खुणा बघून बसवत. मारीवोन खुणांकडे बघत नसे. ती कॅनव्हास उजेडासमोर धरून समुद्राची रेघ बघायची, आकाशाला मिळते ती, आणि त्या रेघेवरून पेन्सिलीने पाठीवर दोन ठिपके द्यायची, आणि त्या ठिपक्यांवर चौकट ठेवायची. अकरा वर्षांत खुणा आणि समुद्र कधी वेगळं बोलले नव्हते. त्यामुळे ती असं करते हे कुणाला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं.

मार्चमध्ये नॉन्तहून एक विक्रेता आला आणि त्याने तांगीला फोनवर एक मशीन दाखवलं. कॅनव्हास आपोआप ताणणारं. तांगीचे डोळे चकाकले. पण तो वाईट माणूस नाही, फक्त तरुण आहे. त्याने मारीवोनला बोलावून स्पष्ट सांगितलं. म्हाताऱ्या खलाशांच्या आश्रमाची ऑर्डर आलीय, छत्तीस खोल्या, छत्तीस चित्रं, सगळी एकसारखी. ही हाताने बिनतक्रार पार पडली तर तुझ्या निवृत्तीपर्यंत मशीनचं नाव काढणार नाही. एक जरी परत आलं तर विक्रेत्याला फोन करीन.

मारीवोन बरं म्हणाली.

पगारासाठी तिला टेबल हवं होतं असं नाही. गुलवेनचं पेन्शन चालू झालं होतं. पण घरी ती दुपारी खुर्चीत बसायची आणि उठायची तेव्हा अंधार पडलेला असायचा, मधलं काही आठवायचं नाही. एकदा दूध जळून धूर झाला तेव्हा शेजारीण धावत आली. मारीवोन चुलीपासून दोन हातांवर बसलेली. वास आला नाही का, असं शेजारणीने विचारलं. आला होता, ती म्हणाली. टेबलापाशी निदान हातांना वेळ कळत होती. टेबल गेलं असतं तर सकाळ आणि संध्याकाळ यांच्यामध्ये तिच्याकडे काहीच उरलं नसतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण एवढं तिला कळत होतं.

चित्र होतं शंभर वर्षांपूर्वीच्या एका नौदलाच्या चित्रकाराचं. ट्यूना पकडणाऱ्या शिडाच्या बोटी खराब हवेतून परत येतायत. पुढे लाल शिडाची एक बोट, तिच्यामागे दोन. खालच्या कडेला तपकिरी रंगाचा एक आडवा पट्टा. आश्रमाच्या समितीने तेच निवडलं होतं. समितीत तीन म्हातारे होते, त्यांच्यात चार दिवस भांडण झालं होतं म्हणे.

मारीवोनने छत्तीस चित्रं नऊ दिवसांत ताणली. कॅनव्हास उजेडासमोर, दोन ठिपके, चौकट, पकड, पिना. बाविसाव्याला पिन अंगठ्यात गेली. कॅनव्हासच्या कडेवर लाल ठिपका दिसला तेव्हा आधी तिला वाटलं छपाई बिघडली. मग अंगठा बघितला, पिन काढली, ठिपका पुसला. ऑर्डरमध्ये बाहेरून गडद लाकडाची आणखी एक चौकट होती, तीही तिनेच बसवली. सगळ्यांत एका बाजूच्या कडेला बिनछपाईची पांढरी पाचर दिसत होती, वर निमुळती, खाली तीन बोटं रुंद. मागे असं कधी झालं नव्हतं. तिने ती पाहिली. बाहेरची चौकट बसली की ती झाकली जायची. ती झाकली गेली. तांगीने कोपरे तपासले, कोपरे सुरेख होते.

चित्रं गेली, टांगली गेली. दहा दिवसांनी आश्रमाच्या संचालिका मादाम कारादेक यांचा फोन आला. तुमचे खिळे बाद आहेत, त्या म्हणाल्या. छत्तीसच्या छत्तीस चित्रं रोज वाकडी होतात. सरळ केली की दुपारी पुन्हा वाकडी. वरिष्ठांची पाहणी व्हायची आहे, नातेवाईक येतात, त्यांना वाटेल इथे कुणी लक्ष देत नाही. दुरुस्त करा, नाहीतर सगळी घेऊन जा.

तांगीने मारीवोनला पाणसळ, हातोडी आणि खिळ्यांचा डबा देऊन पाठवलं. तू टांगलीस का, असं त्याने विचारलं नाही, कारण टांगली त्याने स्वतः होती. ती निघताना एवढंच म्हणाला की विक्रेत्याचा नंबर अजून माझ्याकडे आहे. म्हणाला तो जरा लाजतच.

आश्रमाच्या दारातच ओदेत भेटली. ती तिथे साफसफाईला असते. एवढे कान फुकट कुठे ठेवणार. ती फरशी पुसायच्या काठीवर हनुवटी टेकून उभी होती.

"आलीस? बरं झालं. रोज सकाळी छत्तीस चित्रं सरळ करते मी. आणि हे म्हातारे जेवून आले की पुन्हा वाकडी."

"खिळे वाकले असतील," मारीवोन म्हणाली.

"खिळे कसले. स्वतः करतात. स्वतःची चादर ओढायला यांना उठवत नाही, पण चित्र वाकडं करायला खुर्चीवर चढतात. बाराव्या खोलीतला पडता पडता वाचला. मी मादामना सांगितलं, तर म्हणतात असं कसं होईल."

मग ओदेतने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघून घेतलं, डोळे लाल आहेत का ते. नव्हते. ओदेत निराश होऊन फरशी पुसायला लागली.

मारीवोन पहिल्याच उघड्या दारात शिरली. ती खोली एर्वेची. एर्वे नाव फक्त कागदांवर. बंदरात सगळे त्याला तांडेल म्हणतात, कारण बोट त्याची, हुकूम त्याचा, आणि शिव्याही त्याच्याच. गुलवेन बावीस वर्षं त्याच्या बोटीवर होता. आता तांडेल एक्याऐंशीचा, पाय सुजलेले, खिडकीशी खुर्चीत. अंत्यविधीला त्याला चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं आणि हीटरचा प्रसंग त्यानेही पाहिला होता. त्याने त्यावर एक शब्द काढला नव्हता, आणि तांडेल गप्प बसला हीच गावात तिसरी बातमी झाली होती.

चित्र तिरकं होतं. बरंच. मारीवोनने नमस्कार केला, चौकटीवर पाणसळ ठेवली आणि चित्राचा कोपरा धरला.

"हात लावू नकोस," तांडेल म्हणाला.

"वाकडं आहे, तांडेल."

"वाकडं तू केलंयस. आम्ही सरळ करतोय."

तिने हात तसाच ठेवला. तांडेलने काठीने चित्राच्या खालच्या कडेकडे दाखवलं.

"हे काय आहे?"

"पट्टा आहे."

"पट्टा म्हणे. छत्तीस वेळा खिळवलास ना हा? तो कठडा आहे. बोटीचा. कुठल्या बोटीचा?"

मारीवोनने बघितलं. लाल शिडाची बोट समोर दूर होती. कठडा तिचा असणं शक्य नव्हतं. कठड्यावर एक दोर गुंडाळलेला होता, लाकडावर ओल होती. नऊ दिवस ती या पट्ट्याशी होती आणि तिला तो दिवाणखान्याच्या भिंतीखाली असते तशी लाकडी पट्टी वाटला होता.

"चित्रकार ज्याच्यावर उभा आहे त्या बोटीचा," तांडेल म्हणाला. "तो माणूस आमच्यात उभा राहून काढतोय. पायाखालची फळी सरळ आणि समुद्र वाकडा. असाच दिसतो तो. बोट नाही कलत बाई, समुद्र कलतो. आणि तू काय केलंस? समुद्र सरळ केलास आणि बोट तिरकी. म्हणजे त्या बिचाऱ्याला उचलून धक्क्यावर नेलंस, आणि उभं केलंस स्वतःच्या शेजारी."

मारीवोनने पाणसळ चौकटीवरून काढली. मग ती कठड्याच्या रेघेला लावून बघितली. बुडबुडा बरोबर मधोमध आला.

"मी धक्क्यावरूनच पाहिलाय," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. बर्फाच्या गोदामापाशी, हाताची घडी घालून. बोटीवरच्या सगळ्या पोरांना दिसायचीस."

यात तो काही टोचून बोलत नव्हता. असलंच तर नेहमीपेक्षा कमी. ऑगस्टच्या सणाला सगळ्या बोटी बायकापोरांना घेऊन खाडीबाहेर एक चक्कर मारून येतात. कुठलीही बाई वर्षातून एकदा बोटीवर चढतेच. मारीवोन कधी चढली नव्हती. त्या दिवशी धिरड्यांसारखी क्रेप घालायला तव्यापाशी तिची बारी असायची. कुणी बदली द्यायला तयार झालं तरी ती म्हणायची, पीठ मला कळतं, पुढच्या वर्षी बघू. अशी तीसेक पुढची वर्षं झाली.

"गुलवेन जागा धरायचा तुझ्यासाठी," तांडेल म्हणाला. "दरवर्षी. मागच्या बाजूला, गुंडाळलेल्या दोरावर, स्वतःचा स्वेटर अंथरून. माझी बहीण बसली तर तिलासुद्धा उठवलंन. आम्ही हसायचो. बोट सुटली की स्वेटर उचलून अंगात घालायचा, गप."

ओदेत दारात आली होती. फरशी एकाच जागी पुसली जात होती.

मारीवोनने विचारलं, "कुठल्या बाजूला?"

"काय?"

"जागा. डाव्या की उजव्या?"

तांडेलने जरा आठवलं. "डाव्या," तो म्हणाला.

मारीवोनने मान डोलावली. मग हातोडी डब्यात ठेवली आणि ती मादाम कारादेक यांच्याकडे गेली.

तिथे तिने सांगितलं की खिळे चांगले आहेत, चूक माझी आहे. समुद्र सरळ करायला नको होता, मी केला. कॅनव्हासच्या कडा कापल्या आहेत, पुन्हा ताणता येणार नाहीत. परत पाठवायची तर पाठवा. हे सगळं तिने पावाची किंमत सांगावी तसं सांगितलं. मादाम कारादेक मूळच्या लिऑनच्या, समुद्र नसलेल्या मुलखातल्या. त्यांना एवढंच कळलं की चित्रं बिघडलेली आहेत आणि समोरची बाई ते नाकारत नाहीये. असा पुरवठादार त्यांना प्रथमच भेटत होता. त्यांनी परतीचा कागद काढला.

पण जेवणाची वेळ होती आणि तांडेलची खुर्ची जेवणघराकडे ढकलायला ओदेत होती. सूप संपायच्या आत पस्तीस म्हाताऱ्यांना कळलं की चित्रं जाणार. मादामना जेवणघरात बोलावण्यात आलं. काय काय म्हटलं गेलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. सारांश असा की चित्रं जाणार नाहीत, आणि टांगायची ती कठड्याच्या लेव्हलने. बिघडलेली असू देत, तिरकी टांगली की बरोबर होतात. हात वर करून मत घेतलं. विरुद्ध फक्त एक, बोटीच्या इंजिनवर आयुष्य काढलेला ल्यूसियँ. तो म्हणाला मी पंचेचाळीस वर्षं खालीच होतो, मला समुद्र कुठल्या बाजूला कलतो ते ठाऊकच नाही, माझं सरळ टांगा.

मादाम म्हणाल्या, पण पाहणीला येणाऱ्यांना काय सांगू?

"सांगा, हवा खराब होती," कुणीतरी म्हणालं.

मारीवोनने सुचवलं की प्रत्येक चित्राला दोन खिळे मारते, एक वर, एक खाली, म्हणजे चित्र हलणार नाही आणि ते मुद्दाम तसं लावलंय हे दिसेल. मादामनी परतीचा कागद बाजूला ठेवला, माल मिळाल्याचा कागद घेतला आणि सही केली.

मारीवोनने आश्रमाच्या फोनवरून तांगीला सगळं सांगितलं, पाचरीसकट.

"म्हणजे मशीनने हे बरोबर केलं असतं?" त्याने विचारलं.

"हो. मशीन खुणा बघतं."

"आणि सही झाली?"

"झाली."

"बरं," तांगी म्हणाला. "दोन दिवस लागतील ना तुला तिथे? मग गुरुवारी ये. टेबलावर दोन वादळं पडलीत." फोन ठेवण्याआधी त्याने म्हटलं, "खुणा बघत जा, मारीवोन."

ती बघीन म्हणाली.

दोन दिवस ती खोलीखोलीतून फिरली. कठड्याला पाणसळ, भिंतीवर पेन्सिलीची खूण, दोन खिळे. सगळे म्हातारे कठड्याबद्दल एकमताचे होते असंही नाही. एकाला आणखी चार बोटं हवी होती, कारण त्याची बोट म्हणे गावात सगळ्यांत जास्त हेलकावे खायची, आणि हे तो अभिमानाने सांगत होता. एकाने पन्नास वर्षांपूर्वीचं वादळ मागितलं. मारीवोनने त्याचं चित्र इतकं तिरकं केलं की लाल शिडाची बोट टेकडी उतरतेय असं वाटावं. तो म्हणाला, हं, आता बरोबर. तिने खिळे मारले. कुणी गुलवेनचं नाव काढलं तर ती ऐकून घ्यायची आणि पाणसळ पुढे सरकवायची.

तांडेलने आपलं चित्र शेवटी लावायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या खोलीत आली तेव्हा तो खुर्चीत घोरत होता. तिने कठडा पाणसळीला लावला, बुडबुडा मधोमध आणला, दोन खिळे मारले. हातोडीच्या आवाजानेही तांडेल जागा झाला नाही. बोटीवर याहून जास्त आवाज असतो.

मग ती बघायला दोन पावलं मागे गेली. समुद्र डावीकडे कलला होता. कठडा सरळ होता, दोर त्यावर गुंडाळलेला, लाकूड ओलं. आश्रमाची फरशी सपाट, लिनोलियमची, नुकतीच पुसलेली. मारीवोन डबा हातात घेऊन उभी राहिली. ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. आणि मग तिचा डावा गुडघा वाकला. थोडासाच, आणि उजवा पाय ताठ होऊन फरशीवर घट्ट रोवला गेला, बोटीवर तोल सावरायला रोवतात तसा. डबा तिरका झाला, खिळे एका बाजूला घसरले. तिने ते सावरले नाहीत. ती तशीच उभी राहिली, एका पायावर भार देऊन, डोळे कोरडे, आणि थोड्या वेळाने भार दुसऱ्या पायावर घेतला, मग पुन्हा पहिल्यावर.

ओदेतने दारातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही कॅफेंत आणि मासळीबाजारात सगळ्यांना कळलं की मारीवोन बेस्कोंच्या गुडघ्यात संधिवात शिरलाय, आणि बिचारी कुणाला सांगतही नाही.